साडेपाच हजार सह्या

चुलतभावाच्या हळदीची रात्र होती. मे महिना, रविवार. लांज्याजवळच्या आमच्या गावच्या घरात पन्नासेक माणसं, अंगणात मांडव, मांडवात डीजे, आणि मी पडवीच्या एका कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. तो कोपराच का, तर अख्ख्या घरात मोबाईलला रेंज फक्त तिथे येते. साडेनऊला फोनवर अलार्म वाजला होता. आमच्या एका सर्व्हरची डिस्क भरली होती आणि लोकांची पेमेंट्स अडकायला लागली होती. माझ्या हातांना हळद होती. कीबोर्डच्या काही बटणांवर ती अजूनही आहे.

आजी आली, शेजारी टेकली, स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीकडे थोडा वेळ बघत राहिली.

"काय गो बाय, रविवारची पण रातपाळी?"

"ऑन-कॉल आहे आजी. दर पाचव्या आठवड्याला माझा नंबर येतो. काही बिघडलं की बघायचं."

"मग बदली सुट्टी कधी?"

"नसते."

"नसते म्हणजे?"

"म्हणजे नसते. सोमवारी सकाळी परत मीटिंग."

आजी उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या आजोबांना रविवारी सुट्टी असायची. आणि रविवारी बोलावलंच, तर बदल्यात दुसरा दिवस द्यायचे." टोमणा नव्हता तो. कांद्याचा भाव सांगावा तसं सांगून ती आत गेली.

आजोबा मुंबईत गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. चौथी शिकलेले. मी इंजिनिअर, पुण्यात नोकरी. माझा एका महिन्याचा पगार आजोबांनी वर्षभरातही पाहिला नसेल. आमच्या घरात ही तुलना नेहमी एकाच दिशेने होते: आजा कुठे होता आणि नात कुठे पोचली. रविवारच्या बाबतीत ती उलट्या दिशेने होऊ शकते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सर्व्हर दीड वाजता सुधारला. झोप उडाली होती. मी त्याच कोपऱ्यात बसून फोनवर शोधलं: रविवारची सुट्टी कुणी दिली?

*

खरं तर उत्तर मला माहीत होतं. शाळेत 'जोड्या लावा'मध्ये एका गुणाला असायचं. भारतीय कामगार चळवळीचे जनक – नारायण मेघाजी लोखंडे. गुण मिळाला आणि माणूस विसरला.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. काही काळ त्यांनी मुंबईतल्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली, म्हणजे गिरणी आतून पाहिली. १८८० पासून ते 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र चालवत होते. त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे कामाचा दिवस सूर्य ठरवायचा. उजाडलं की गिरणी सुरू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून पाळीही मोठी, तेरा-चौदा तासांची. सुट्ट्या सणासुदीच्या, मोजक्या.

१८८१ साली देशात पहिला फॅक्टरी कायदा आला होता, पण तो मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. हा कायदा वाचताना मला सात वर्षांचा माझा भाचा आठवला, जो अजून बुटांची लेस बांधायला माझ्याकडे येतो. आणि हा एवढासा कायदासुद्धा निव्वळ दयेपोटी आलेला नव्हता. मुंबईचं स्वस्त सूत लँकेशायरच्या गिरणीमालकांना जड जात होतं. इथल्या मालकांना थोडा चाप बसावा यात त्यांचाही फायदा होता. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल मात्र कायदा गप्प होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसाठी एक अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या मी दोनदा वाचल्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

एवढंच. वीकेंड, दुपारची जेवणाची सुट्टी, वेळेवर पगार, मेडिकल लीव्ह. माझ्या ऑफर लेटरमध्ये जे 'बेनिफिट्स' नावाच्या पानावर छापलेलं असतं, त्यातलं निम्मं या अर्जात आहे. कंपनी मला ते देते, अशी माझी समजूत होती.

अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

लगेच काही झालं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. पुन्हा अर्ज गेला, या वेळी गिरणीमालकांच्या संघटनेकडे. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायदा सुधारला आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये गेले, पन्नाशीही न गाठता.

पडवीत बसून मी त्या साडेपाच हजारांचा विचार करत होते. त्यांच्याकडे ना युनियनचा कायदा होता, ना मोबाईल. त्यांना कामावर ठेवणं आणि काढणं मुकादमाच्या हातात होतं. त्याने सकाळी दारात नुसतं 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की विषय संपला. तरी त्यांनी कागदावर नाव लावलं.

मला ही संख्या एवढी का टोचली, ते सांगायला मला चार महिने मागे जावं लागेल.

*

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आमच्या कंपनीत कॅलेंडरवर मीटिंगा यायला लागल्या. विषय 'क्विक सिंक', वेळ वीस मिनिटं, मॅनेजर आणि एचआरमधलं कुणीतरी. दुपारी बारापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की ही मीटिंग आली की काय होतं. आम्ही एकमेकांकडे न बघता स्वतःच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

आमच्या टीममध्ये ती एकाला आली. त्याला सुमित म्हणू. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचा. मी नवीन असताना प्रॉडक्शनवर चुकून चालवलेली एक कमांड त्याने रात्री अकरा वाजता निस्तरली होती आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. मीटिंगमधून तो बाहेर आला आणि पाणी प्यायला गेला. आल्यावर हळू आवाजात म्हणाला, "संध्याकाळी सहापर्यंत राजीनामा टाकायला सांगितलाय. स्वतःहून दिला तर दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर. नाही तर टर्मिनेशन. पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये दिसेल म्हणाले."

त्याची बायको सातव्या महिन्यात होती. इन्शुरन्स कंपनीचा.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'चहा' नावाचा. मॅनेजर नाही त्यात. सतरा जण. चार वाजता त्यावर कुणीतरी लिहिलं: 'आपण सगळ्यांनी मिळून मेल लिहायचा का? राजीनामा सक्तीने घेऊ नका म्हणून. निदान डिलिव्हरी होईपर्यंत इन्शुरन्स तरी मागू.'

मी टाइप केलं, 'मी आहे.'

मग थांबले. मार्चमध्ये अप्रेझल होतं. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. सगळ्यात आधी माझंच नाव दिसलं तर? मी ते दोन शब्द खोडले. परत लिहिले. परत खोडले. स्क्रीनवर आणखी कुणाकुणाचं 'टायपिंग' येत होतं आणि जात होतं. मेसेज एकही येत नव्हता. शेवटी कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकला. सहा वाजता सुमितने राजीनामा पाठवला. साडेसहाला त्याच्या लॅपटॉपचा ॲक्सेस गेला. सोमवारी त्या ग्रुपवर कुणीतरी मीम टाकलं आणि सगळे हसले. मीही.

त्या रात्री पडवीत मला पहिल्यांदा हे हिशेबासारखं दिसलं. एकशे चाळीस वर्षांपूर्वी परळला साडेपाच हजार नावं. पुण्यात, वातानुकूलित ऑफिसात, एकही नाही.

*

लग्नानंतर पुण्याला परत आल्यावर मी कायदा वाचला. मला वाटायचं कामगार कायदे म्हणजे कारखान्यातल्या लोकांसाठी, आपण 'प्रोफेशनल'. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची व्याख्या आहे, आणि तिच्यात हाताने करायच्या कामाबरोबर तांत्रिक कामही आहे. व्यवस्थापकीय काम करणारे त्यातून वगळले आहेत. पण तुमच्या पदाचं नाव काय आहे यावर हे ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. म्हणजे ईमेलखाली 'सीनियर' किंवा 'लीड' लिहिलेलं असलं तरी दिवसभर कोडच लिहिणारा माणूस त्या व्याख्येत बसू शकतो. कर्नाटकात २०१७ साली आयटी कर्मचाऱ्यांची युनियन रीतसर नोंदवली गेली.

याच कायद्यात कामगार कपातीचे नियम होते. वर्षभर सलग नोकरी झालेल्या माणसाला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई. सरकारला कळवायचं. आणि सर्वसाधारणपणे जो शेवटी आला तो आधी जाईल, मर्जीतला-नावडता असं चालणार नाही. २०२५ च्या नोव्हेंबरपासून या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली, पण जानेवारीत तोच लागू होता.

मात्र राजीनामा म्हणजे कपात नव्हे. स्वखुशीने राजीनामा दिला की यातलं काहीच लागू होत नाही. तेव्हा मला समजलं की त्या वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये कंपनीला सुमितकडून नेमकं काय हवं होतं. त्याची सही हवी होती. आणि ती हवी होती तो एकटा असताना.

*

हे मी आजीला गणपतीत सांगितलं. गावी फणस संपले होते, पण तिने मे महिन्यात उकडून वाळवलेल्या आठिळा काढल्या होत्या आणि आम्ही दोघी मागच्या दारी बसून त्या सोलत होतो. सुमितचं सांगितलं, खोडलेल्या दोन शब्दांचंही सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे बाय, तू काय करणार होतीस. घरातले सगळे तेच म्हणाले होते.

ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी पण सही केली होती."

आमच्या घरात १९८२ च्या संपाची एक गोष्ट आहे. बाबा ती सांगतात. १८ जानेवारी १९८२, डॉक्टर दत्ता सामंतांनी संप पुकारला, मुंबईच्या गिरण्यांमधले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आजोबा शेवटपर्यंत संपात होते. संप कुणी मागे घेतलाच नाही, तसे आजोबाही मागे हटले नाहीत. गिरणी गेली, मग ते मानाने गावी आले. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते.

"शेवटपर्यंत कुठले," आजी म्हणाली. "चौदा महिने."

लालबागच्या चाळीत आजी खानावळ चालवायची. गावाकडून आलेली, बायकापोरं गावी ठेवलेली माणसं गाळ्यात पथारी टाकून राहायची आणि तिच्याकडे जेवायची. आठ जण. पगार झाला की महिन्याचे पैसे. संप सुरू झाला तसे पैसे थांबले. जेवण थांबवलं नाही. "कसं थांबवणार? रोज ताटावर बसणारी माणसं." आधी मासळी गेली, मग भाजी, मग नुसता भात आणि पिठी. कुणी गावाला शेती बघायला निघून गेला, कुणी हातगाडीवर केळी विकायला लागला. पहिल्या दिवाळीला तिने पाटल्या मोडल्या.

कामगारांचं भांडण नुसतं पगाराचं नव्हतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन मालकांशी बोलू शकायची, आणि गिरण्यांमध्ये ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगारांचा तिच्यावर भरवसा उरला नव्हता. आपल्या वतीने कोण बोलणार हे आम्हाला ठरवू द्या, ही मागणी संपाच्या मुळाशी होती. सरकारने ती मानली नाही. मालकांचं तितकं अडतही नव्हतं. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होतं, आणि गिरण्यांखालच्या जमिनीचे भाव चढत होते.

"मार्च महिना होता," आजी म्हणाली. "तुझ्या बाबाच्या शाळेतून चिठ्ठी आली होती. त्या रात्री हे काही बोलले नाहीत. सकाळी अंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि गेले. गिरणीत एक कागद होता. पुन्हा संपात जाणार नाही, मालक सांगेल ते काम करीन, असं त्यावर होतं. त्यावर सही केल्याशिवाय आत घेत नव्हते. हे संध्याकाळी आले आणि न जेवता झोपले."

चोवीस वर्षांची नोकरी होती आजोबांची. परत घेतलं ते बदली कामगार म्हणून. रोज सकाळी दारात उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी काम, नाही तर घरी. पाच वर्षं तसं केलं आणि मग गाव गाठलं. शेजारच्या खोलीतला माणूस, ज्याच्याबरोबर ते एकाच खात्यात वीस वर्षं शेजारशेजारच्या मागांवर उभे होते, तो परत गेला नाही. तो त्यांच्याशी बोलायचाही थांबला.

"आजोबा गेले तेव्हा तो आला होता," आजी म्हणाली. "एसटीने, एवढ्या लांब. तासभर बसला. चहा घेतला. गेला."

मी विचारलं, "तुला राग नाही आला? आजोबांचा?"

तिने सोललेल्या आठिळा पाण्यात टाकल्या. "राग कसला. पोराचं पोट होतं. पण एक गोष्ट मला अजून कळली नाही बघ. त्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या दहा-बारा बायकांना माहीत होतं की आपला नवरा जायचं मनात आणतोय. नळावर आम्ही बोलायचो. आणि हे पुरुष एकमेकांशी एक शब्द नाही. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच भित्रे. एकत्र बसून बोलले असते, तर सगळे मिळून गेले असते, नाही तर सगळे मिळून थांबले असते. हे चोरासारखं एकेकट्याने जाणं झालं नसतं."

मला ग्रुपवर येणारं आणि जाणारं ते 'टायपिंग' आठवलं.

*

इथे थांबले असते तर गोष्ट सोपी झाली असती: पूर्वी लोक एक होते, आता नाहीत. पण वाचत गेले तसं वेगळंही सापडलं.

१९२८ साली मुंबईत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला: गिरणीत सगळ्यात चांगला पगार विणाईच्या खात्यात आहे, मग तिथे अस्पृश्य कामगारांना का घेत नाहीत? कारण होतं धोटा. मागावर धोट्यातली कांडी बदलली की नवीन सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. ज्या धोट्याला दलित माणसाचं तोंड लागलंय त्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हते. मालकांनी नाही, बरोबरच्या कामगारांनी हे दार बंद ठेवलं होतं. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की मालकांकडे मागण्या नेताना ही मागणीही त्यात हवी. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे आलं, आणि १९४६ साली कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला तो ते त्या खात्यावर असताना. आठ तासांचा दिवस आपण ज्यांच्याकडून घेतला, त्यांच्या माणसांना मागाजवळ उभं राहू दिलं नव्हतं.

माझे आजोबा १९५९ साली गिरणीत लागले, थेट विणाई खात्यात. गाववाल्याच्या ओळखीने. ही १९२८ नंतर तीसेक वर्षांची गोष्ट, पण 'गाववाल्याच्या ओळखीने' या शब्दांत कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं, हे मला आता ऐकू येतं.

मग मी आमच्या 'चहा' ग्रुपकडे पाहिलं. सतरा जण, सगळे निळ्या पट्ट्याच्या ओळखपत्राचे. आमच्याच टीममध्ये चार जण राखाडी पट्ट्याचे आहेत, दुसऱ्या कंपनीमार्फत कंत्राटावर घेतलेले. तेच कोड लिहितात, तेच ऑन-कॉल करतात, पगार साधारण निम्मा. कुणाला त्यांचा राग नाही. त्यांना ग्रुपवर घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं, इतकंच. आणि जानेवारीत सुमितच्या आधी, कुठल्याही 'क्विक सिंक'शिवाय, त्यांच्यातले दोघं एका ईमेलवर गेले होते. त्यांची नावं आठवायला मला वेळ लागला.

*

सप्टेंबरमध्ये बातमी आली की महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिलीय. दुकानं आणि आस्थापनांमध्ये दिवसाला कमाल नऊचे दहा, कारखान्यांत नऊचे बारा. ओव्हरटाइमची मर्यादाही वाढणार, मात्र त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "संमती लागणारे ना, मग काय प्रॉब्लेम?" मी सुमितची सही पाहिलेली होती आणि आजोबांच्या सहीबद्दल ऐकलेलं होतं. बंद खोलीत एकेकट्याकडून घेतलेल्या संमतीला किती अर्थ असतो ते मला समजावून सांगता आलं नाही. त्याऐवजी मी मेल लिहायला घेतला.

मोठं काही नव्हतं. चार ओळी. ऑन-कॉलमध्ये शनिवार-रविवारी दोन तासांपेक्षा जास्त काम झालं तर पुढच्या आठवड्यात बदली सुट्टी मिळावी. 'बदली सुट्टी' हा शब्द आजीचा. पाठवण्याआधी मी एकेकाला चहाला नेऊन विचारलं. ग्रुपवर नाही, समोरासमोर. सात जण नाही म्हणाले आणि त्यातल्या चौघांनी कारणंही सांगितली: व्हिसा, बहिणीचं लग्न, हप्ते. ती माझीच कारणं होती. पण आणखी एक कळलं. जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला, मला वाटलं मला एकट्यालाच याचा त्रास होतो.

पाच नावं झाली. मेल पाठवून मी लॅपटॉप बंद केला आणि मला चक्क मळमळलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मान्य. फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी. कंत्राटी सहकाऱ्यांचा विषय 'त्यांच्या कंपनीच्या धोरणानुसार'.

आम्ही पाच जण कँटीनमध्ये बसलो. दोघांचं म्हणणं होतं, मिळालंय ते घ्या, आता ताणू नका. चुकीचं नव्हतं त्यांचं. सर्व्हर बंद पडतो तेव्हा ओळखपत्राचा रंग बघून पडत नाही, एवढंच मी म्हणाले. शेवटी दुसरा मेल गेला, चारही कंत्राटी सहकाऱ्यांसाठी तीच सुट्टी मागणारा. त्यांना विचारून लिहिला. त्यांच्यातल्या दोघांनी नाव घातलं, दोघांनी घालू नका म्हणून सांगितलं. या वेळी अकरा नावं होती.

त्याच आठवड्यात मी सुमितला फोन केला. तो आता हैदराबादला आहे, मुलगी सात महिन्यांची झालीय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशी मी 'मी आहे' लिहिलं होतं. पाठवलं नाही."

तो म्हणाला, "माहितीये. मीही त्या ग्रुपवर होतो ना. तुझं टायपिंग दिसत होतं मला."

मला काही बोलता येईना. मग तोच म्हणाला, "दुसऱ्या कुणाची वेळ असती तर मीही लिहिलं नसतं कदाचित. त्या दोघांच्या वेळी कुठे लिहिलं?"

अकरा नावांच्या मेलला अजून उत्तर आलेलं नाही. या आठवड्यात ऑन-कॉल माझा आहे. गेल्या रविवारी पहाटे तीन तास काम केलं, म्हणून उद्या मला बदली सुट्टी आहे. माझ्या जागी उद्या जो बसणार आहे, तो राखाडी पट्ट्याचा आहे. परवा तिसरा मेल लिहायचाय. त्याला घेऊन.